पोटाची चरबी, फॅटी लिव्हर आणि बीपी: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आले आणि बीपीही वाढलेले निघाले. हे दोन वेगळे आजार समजायचे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. दोन्हींचे मूळ एकाच जागी असते, पोटाच्या आत साठलेल्या चरबीत. फॅटी लिव्हर असलेल्या दर दहा माणसांत साधारण चौघांना उच्च रक्तदाब असतो. उलट बाजूने पाहिले तरी बीपी असलेल्यांमध्ये फॅटी लिव्हर इतरांपेक्षा जास्त सापडते. २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजाराचे नाव बदलले, तेव्हा नव्या व्याख्येत कंबरेचा घेर, साखर, रक्तातली चरबी आणि रक्तदाब या गोष्टी थेट निकष म्हणून घातल्या.

अडचण अशी होते की बीपीची गोळी गावातल्या डॉक्टरांची असते, सोनोग्राफी तालुक्याला झालेली असते आणि साखरेचा रिपोर्ट मुंबईला मुलाकडे राहिला असताना काढलेला असतो. मग प्रत्येक जण आपल्यापुढच्या कागदावर उपचार करतो. तिन्ही कागद एका फाइलमध्ये लावा आणि एकाच डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पोटात चरबी साठली तर बीपी का वाढते? चरबी तर नुसती पडून असते ना?

ती पडून नसते, सतत काम करत असते. कातडीखालची, चिमटीत धरता येणारी चरबी त्यातल्या त्यात कमी त्रासाची. आतड्यांभोवतीची चरबी मात्र आपली चरबीयुक्त आम्ले ज्या शिरेत सोडते, ती शीर सरळ यकृतात जाते. यकृताच्या पेशींत चरबी भरू लागली की त्या इन्सुलिनला नीट जुमानत नाहीत. शरीर मग आणखी इन्सुलिन तयार करते आणि हे वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला ‘सोडियम (मिठातला घटक) धरून ठेव’ असा इशारा देत राहते. सोडियम थांबले की पाणी थांबते आणि दाब वाढतो. म्हणूनच पोट सुटलेल्या माणसाचे बीपी मिठाने जास्त चढते.

दुसरा रस्ता यकृतातूनच जातो. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा कच्चा माल, अँजिओटेन्सिनोजेन, मुख्यतः यकृतात बनतो आणि चरबीच्या पेशीही त्यात भर घालतात. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या याच साखळीवर काम करतात. शिवाय चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन मज्जासंस्थेला कायम ताणलेल्या अवस्थेत ठेवते, आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी त्याला बाहेरून दाबते. इतके सगळे एका वेळी चालू असताना केवळ ‘टेन्शनमुळे बीपी वाढले’ म्हणून विषय संपवता येत नाही.

वजन ६२ किलोच आहे. मला कसे फॅटी लिव्हर होईल?

होऊ शकते. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्याकडे फार दिसते. काट्यापेक्षा टेप जास्त खरे सांगते. सकाळी उपाशीपोटी उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी लावा. ती कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा, पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पँटचा नंबर यासाठी चालत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. आणखी सोपी खूण म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा.

तेल-तूप बंद करूनही सोनोग्राफी तशीच. असे का?

यकृतातली चरबी आली कुठून याचे मोजमाप झालेले आहे. साधारण साठ टक्के अंगातल्या चरबीच्या साठ्यातून येते, चौथा हिस्सा यकृत स्वतः साखर-पिठापासून बनवते, आणि थेट खाल्लेल्या तेलातुपातून येते ती जेमतेम पंधरा टक्के. म्हणजे फोडणी कमी करून भाताचा डोंगर, गोड चहा आणि बिस्किटे चालू ठेवली तर मोठे दोन नळ उघडेच राहतात. तेल मोजावे हे खरेच, माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरे. पण सगळा दोष तेलावर टाकू नका.

मग भात सोडायचा का?

कोकणात भात सोडायला सांगणारा सल्ला दोन आठवडे टिकतो. भात सोडू नका, मोजा. कच्चे ५० ग्रॅम तांदूळ शिजून साधारण दीडशे ग्रॅम भात होतो आणि त्यात सुमारे १७५ कॅलरी असतात. दर जेवणाला एवढा भात धरा. अनेक घरांत एका बसणीला याच्या तिप्पट जातो आणि वाढणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण भात दोनदा-तीनदा घेतला जातो. पहिल्यांदाच हवा तेवढा वाढून घ्या आणि टोप आत ठेवा. उकडा तांदूळ पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा थोडा बरा, पण त्याचे प्रमाण वाढवले तर फायदा उरत नाही.

भात कमी केल्याची जागा रिकामी ठेवलीत तर चार वाजता फरसाणाचा डबा उघडणारच. म्हणून माशाची एक तुकडी जास्त घ्या, कुळथाची पिठी किंवा उसळ घ्या, लाल माठ, शेवग्याचा पाला, दोडके, पडवळ यांपैकी काही ताटात हवेच. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ चरबीत सुरमईला हार जात नाहीत. मात्र ते कालवणात किंवा तव्यावर कमी तेलात करा. रव्यात घोळून तळलेला तुकडा बरेच तेल पितो.

नारळाचे काय? आमच्याकडे नारळाशिवाय जेवण होत नाही.

१०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि त्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते. अर्धा नारळ चौघांच्या कालवणात वाटला तर एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते कालवण, भाजी, चटणी आणि सोलकढी या चारही ठिकाणी नारळ पडतो तेव्हा. एका जेवणात एका पदार्थात नारळ, हा नियम घरी पाळता येतो. खोबरेल तेलाने यकृत साफ होते म्हणून ते चमच्याने पिणाऱ्यांनी ते थांबवावे.

आंबा? कोकम?

हापूसच्या एका मध्यम फळाच्या गरात साधारण २० ग्रॅम साखर असते. मधुमेह नसेल तर हंगामात दिवसाला एक फळ, तेही जेवणातला भात त्या प्रमाणात कमी करून. साखर घातलेला आमरस आणि पुऱ्या हा वेगळा हिशेब आहे. चार वाट्यांत यकृताला महिनाभर पुरेल एवढे काम मिळते असे नाही, पण मे महिनाभर रोज असेल तर जूनच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उमटते.

कोकमात मात्र दोन सापळे आहेत. बाटलीतले कोकम सरबत म्हणजे मुख्यतः साखरेचा पाक. आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते. आगळाची सोलकढी करताना वरून मीठ घालायचेच नाही. शक्यतो आमसुले कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून सोलकढी करावी. त्यातही आमसुले मीठ लावून वाळवलेली आहेत का, ते घेताना विचारावे.

मीठ किती? आणि सुकी मासळी पूर्ण बंद का?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणच्या-पापडातलेही आले. आपण किती खातो ते कळायला पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. चौघांच्या घरात एक किलो मीठ महिनाभरात संपले तर माणशी रोज ८ ग्रॅमहून जास्त गेले. लोणचे घालण्याचे आणि मासे खारवण्याचे मीठ यातून वेगळे ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. चौघांना एक किलो दोन महिने पुरू लागले की तुम्ही योग्य ठिकाणी आलात.

सुकी मासळी सगळी सारखी नाही. वलांडीवर टांगून नुसत्या उन्हात वाळवलेले बोंबील किंवा उन्हातली सुकट यांत वरून मीठ नसते (बाजारच्या मालाची चव घेऊन खात्री करा). खारा बांगडा वेगळा. त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक मीठच असते, त्यामुळे ५० ग्रॅमचा एक तुकडा दिवसाची मर्यादा एकटाच संपवतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पेजेबरोबर रोज तोच असतो, सोबत लोणचे आणि पापड. पावसात बीपी चढण्याचे कारण पुष्कळ घरांत याच ताटात सापडते.

खारे खायचेच असेल तर आठवड्यात एकदा, असे करून: तुकडे लहान करा, भरपूर कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी ओता, पुन्हा दोनदा तसेच करा. कालवणात मीठ घालू नका, आंबटपणा कोकमाने किंवा कैरीने आणा, तिरफळ-लसूण वाढवा. याने मीठ बरेच उतरते, सगळे नाही. ज्यांचे बीपी गोळ्या घेऊनही १४०च्या खाली येत नाही त्यांनी बांगड्याऐवजी बिनमिठाचे बोंबीलच आणावेत.

पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ अनेकांना उपयोगी पडते. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

दारू रोज नाही, फक्त शनिवारी एक क्वार्टर. ती मोजायची का?

मोजायची. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ६५० मिलिलिटरची साधी बिअर २५ ग्रॅम, स्ट्राँग बिअर ४० ग्रॅम. माडी आणि घरची काजूची दारू यांचे प्रमाण दर वेळी वेगळे, त्यामुळे ‘ही नैसर्गिक आहे’ या शब्दावर विसंबू नका. पोटाची चरबी आणि अल्कोहोल एकत्र आले की यकृताची इजा बेरजेपेक्षा जास्त होते, आणि बीपीही वर जाते. फायब्रोसिस, म्हणजे यकृतात जाळीसारखे कडक तंतू, सुरू झाले असतील तर आमचा सल्ला एकच: पूर्ण बंद. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम स्वतःहून तोडू नये. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

घरच्या मशीनवर बीपी दर वेळी वेगळे येते. खरे कुठले?

बहुतेक चुका पट्ट्याच्या आहेत. दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. दंड ३४ किंवा ३६ असेल आणि पट्टा तोच असेल तर बीपी खोटे जास्त दिसते आणि नको ती गोळी सुरू होते. जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा लागतो. मनगटाची मशीन टाळा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. पायरीवर किंवा पाटावर बसून मोजू नका. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे असे धरतात. दवाखान्यातली मर्यादा १४०/९०.

१८०/१२० च्या वर आकडा आला, पाच मिनिटांनी पुन्हा तसाच आला, आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा. जिभेखाली गोळी ठेवून घरी वाट पाहू नका.

ग्रेड १ म्हणजे किरकोळ आणि ग्रेड ३ म्हणजे लिव्हर गेले, असे का?

ग्रेड म्हणजे सोनोग्राफीत यकृत किती पांढरे दिसते एवढेच. चरबी २० ते ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सोनोग्राफीला ती नीट दिसतही नाही, आणि आजार मात्र पाच टक्क्यांपासून धरतात. पुढे काय होणार हे चरबीवर कमी आणि फायब्रोसिसवर जास्त ठरते. ग्रेड १ वाल्याला फायब्रोसिस असू शकते, ग्रेड ३ वाल्याला नसूही शकते. एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही.

फायब्रोसिसच्या धोक्याचा एक हिशेब घरी करता येतो, त्याला एफआयबी-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी (यकृताच्या रक्ततपासणीतला दुसरा आकडा), ही वरची संख्या. प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, ही खालची. वरची भागिले खालची. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. वर ५२ × ४८ = २४९६. खाली २१० × ८ = १६८०. उत्तर साधारण १.४९. १.३ च्या खाली असेल तर काळजी कमी, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहावे, मधुमेह असेल तर वर्ष-दोन वर्षांत. १.३ ते २.६७ मध्ये फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यावा. त्यात कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर धोका कमी. २.६७ च्या वर थेट यकृततज्ज्ञांकडे. ३५ वर्षांखाली हा हिशेब भरवशाचा नाही, आणि ६५ नंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात.

रक्ताच्या या साध्या तपासण्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचाराव्यात. फॅटी लिव्हर २०२१ पासून केंद्र शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे. तिशीपुढच्यांचे बीपी आणि साखर गावच्या आरोग्य केंद्रात तपासतात, ते टाळू नका.

वजन किती उतरले म्हणजे फरक पडेल?

८० किलोच्या माणसाचे ४ किलो, म्हणजे पाच टक्के, उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्क्यांनी सूज उतरते. दहा टक्के, म्हणजे ८ किलो, टिकवले तर फायब्रोसिसही मागे हटू शकते. बीपीत दर किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने खाली येतो, म्हणजे ८ किलोत एका सौम्य गोळीइतका. सडपातळ माणसाला तीन ते पाच टक्केही पुरतात.

आठवड्याला अर्धा ते एक किलो, यापेक्षा घाई नको. फक्त पेजेवर किंवा रसावर राहून भराभर वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होतात आणि यकृताची सूज उलट वाढू शकते. बीपी किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना त्यांचा डोस जास्त पडू लागतो. उठताना अंधारी येऊ लागली तर आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी स्वतः अर्धी करू नका.

पावसात चालणार कुठे?

पडवीत, जिन्यावर, मांगरात. आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल पण बोलता येईल अशी हालचाल हवी. वजन हलले नाही तरी यकृतातली चरबी व्यायामाने उतरते. बागायतीतले काम व्यायामच आहे, पण हंगामापुरते. आठवड्यात दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा: खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणे, भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवून जमेल तेवढे थांबणे. श्वास रोखू नका, त्याने बीपी उसळते. बीपी १८० च्या घरात असेल तर आधी ते खाली आणा.

मिश्री आणि घोरणे यांचा काय संबंध?

दोन्ही विचारले जात नाहीत म्हणून राहून जातात. मिश्रीतले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि दर वेळी बीपी चढवते. दिवसातून चार वेळा दात घासणाऱ्या बाईची गोळी ‘लागू पडत नाही’ ती अनेकदा यामुळे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि सकाळी डोके जड असणे हे स्लीप ॲप्नियाचे लक्षण असू शकते. तो बीपी आणि फॅटी लिव्हर दोन्ही वाढवतो. झोपेची तपासणी करून घ्यावी.

फॅटी लिव्हरवर औषध आहे का? बीपीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडते का?

बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांनी यकृत बिघडत नाही आणि त्या भीतीने गोळी बंद करणे हीच मोठी चूक. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्याही फॅटी लिव्हरमध्ये चालतात, किंबहुना लागतात, कारण या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू यकृताने नव्हे तर हृदयविकाराने होतात.

यकृतासाठी भारतात २०२० मध्ये सारोग्लिटाझारला मान्यता मिळाली. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड फायब्रोसिस असलेल्या रुग्णांसाठी मान्य झाले. ही सगळी तज्ज्ञांनी ठरवायची औषधे आहेत, दुकानातून मागून घ्यायची नाहीत. लिव्हर टॉनिकच्या सिरपने चरबी उतरते असा भक्कम पुरावा नाही. झाडपाल्याच्या काढ्यांबाबत सावध राहा. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईत झालेली आहे.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज घेणाऱ्यांचे बीपी वाढते, मूत्रपिंडही थकते. ते घेत असाल तर बीपीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वडिलांचे बीपी वर्षानुवर्षे जास्त होते, आता गोळी न घेताच ११०/७० येते. बरे झाले म्हणायचे का?

वजन आणि कंबर कमी झाली असेल, तब्येत उत्साही असेल तर होय. पण हातपाय बारीक होत चालले, पोट मात्र फुगते, पायांना सूज येते, भूक मेली, दिवसा झोप आणि रात्री जाग असे असेल तर नाही. सिरोसिस झालेल्या, म्हणजे फायब्रोसिस टोकाला जाऊन आक्रसलेल्या यकृतामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि जुने बीपी आपोआप खाली येते. अशा माणसाला जुनी गोळी चालू ठेवली तर मूत्रपिंड बंद पडू शकते. त्याच आठवड्यात सोनोग्राफी, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन तपासून यकृततज्ज्ञांना दाखवा. शौचाला काळे होणे, रक्ताची उलटी किंवा असंबद्ध बोलणे असेल तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.